३०० जणांकडे असलेलं चित्र ‘ओरिजिनल’ कसं? मुराकामीची हसरी फुलं आणि लिमिटेड एडिशनचं गणित

ती फुलं तुम्ही बघितलेली असतातच, फक्त कुणाची ते माहीत नसतं. मधे गोल चेहरा, आ वासून हसणारं तोंड, चमकणारे दोन डोळे, भोवती बारा पाकळ्या आणि सगळे रंग एकदम भडक. उशीवर, टोपीवर, मोबाईलच्या कव्हरवर, रस्त्यावरच्या स्वस्तातल्या टी-शर्टवर (तो बहुतेक नकलीच). ही फुलं ताकाशी मुराकामी या जपानी कलाकाराची. आता गंमत अशी की हीच फुलं एका चांगल्या कागदावर छापून, खाली सही आणि ३७/३०० असा आकडा टाकून आली की किंमत बघता बघता लाखाच्या घरात जाते. मग साहजिकच कुणीतरी म्हणतंच, अरे छापलेलंच आहे ना, मग पोस्टर आणि यात फरक काय? आणि ३०० लोकांकडे तेच चित्र आहे तर त्याला ओरिजिनल कुठल्या तोंडाने म्हणायचं?

प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही, कारण त्यात थोडं छपाईचं तंत्र आहे, थोडा जपानचा इतिहास आहे आणि बराचसा बाजार आहे. एकेक करून बघू.

आधी माणूस. मुराकामीचा जन्म १९६२ चा, टोकियोचा. लहानपणापासून ॲनिमेचं, म्हणजे जपानी कार्टूनपटांचं वेड, त्यातच काम करायचं होतं, पण शिकला मात्र निहोंगा, म्हणजे जपानची पारंपरिक चित्रकला, जिच्यात खनिजांपासून केलेले रंग, सरस, सोन्याचा वर्ख असं सगळं सोवळ्यातलं काम असतं. टोकियोच्या कला विद्यापीठातून त्याने १९९३ मध्ये यातच डॉक्टरेट घेतली. म्हणजे जो माणूस आज कार्टूनछाप फुलांसाठी ओळखला जातो तो मुळात अगदी कडक परंपरेतला पदवीधर आहे, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फुलांचं मूळ तर आणखीनच साधं आहे. कला विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या क्लासमध्ये तो पोट भरायला शिकवायचा, तब्बल नऊ वर्षं, आणि तिथे मुलांना फुलं काढायला लावायचा. दर एक-दोन दिवसांनी फुलं विकत आणायची, वर्गात ठेवायची. त्याने स्वतःच सांगितलंय की सुरुवातीला त्याला फुलं आवडायचीच नाहीत, आणि मग इतकी बघून झाल्यावर प्रत्येक फुलाला जणू वेगळा चेहरा आणि वेगळा स्वभाव आहे असं वाटायला लागलं. हसरी फुलं तिथून आली. क्लासमध्ये शिकवून कंटाळलेले आपल्याकडचे मास्तर हे वाचून काय म्हणतील कोण जाणे.

२००० साली त्याने एक प्रदर्शन भरवलं आणि आपल्या विचाराला ‘सुपरफ्लॅट’ असं नाव दिलं. म्हणजे काय, तर युरोपातल्या चित्रात जसा लांबचा डोंगर लहान आणि जवळचा माणूस मोठा, मधे सावल्या, खोली, असं असतं तसं जुन्या जपानी चित्रात फारसं नसतं. तिथे रंग सपाट, बाह्यरेषा ठसठशीत, आणि नजर एका जागी न थांबता सगळ्या चित्रभर फिरते. मुराकामीचं म्हणणं की हा सपाटपणा रंगवलेल्या जुन्या घडीच्या पडद्यांपासून, लाकडी ठशांच्या छापांपासून थेट मांगा (जपानी कॉमिक्स) आणि ॲनिमेपर्यंत एका सलग धाग्यासारखा आलाय. (कला-इतिहासकार नोबुओ त्सुजी यांनी इतो जाकुचु, सोगा शोहाकु अशा विक्षिप्त जुन्या चित्रकारांवर जे काम केलं होतं त्याचा यात मोठा वाटा आहे.) दुसरा अर्थ जरा तिखट आहे. युद्धानंतरच्या जपानमध्ये उच्च कला आणि बाजारी वस्तू, म्युझियम आणि खेळण्यांचं दुकान, यांच्यातली भिंतच उरलेली नाही, सगळं एका पातळीवर आलंय, असं त्याचं निदान आहे. आणि निदान करून तो गप्प बसला नाही, त्याने त्यावर धंदाच उभा केला.

आता सपाट रंग, स्वच्छ कडा, ठसठशीत रेषा, हे ज्या छपाईला सगळ्यात छान जमतं ती म्हणजे स्क्रीन प्रिंटिंग. आपल्याकडे हे तंत्र नवीन नाहीच. लग्नपत्रिका, पिशव्या, मंडळाचे टी-शर्ट, स्टीलच्या डब्यावरचं नाव, हे वर्षानुवर्षं गल्लीतल्या स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे याच पद्धतीने होत आलंय. मुराकामीच्या प्रिंटमागे तेच यंत्र, तीच स्क्विजी (शाई ओढायची रबरी पट्टी). फरक आहे तो सहनशक्तीचा.

तत्त्व अगदी रांगोळीच्या छाप्यासारखं. छाप्याला भोकं असतात तिथून रांगोळी खाली पडते, बाकी ठिकाणी अडते. स्क्रीनमध्ये भोकांच्या जागी बारीक विणीची जाळी असते, पूर्वी रेशमाची, आता पॉलिएस्टरची, फ्रेमवर ढोलाच्या कातड्याइतकी ताणून बसवलेली. तिच्यावर उजेड लागला की कडक होणारं एक द्रावण, इमल्शन, सारखं पसरून अंधारात वाळवतात. मग चित्रातला जो भाग एका रंगात छापायचाय, समजा फक्त पिवळ्या पाकळ्या, तेवढाच भाग पारदर्शक फिल्मवर काळ्या रंगात काढायचा. याला आपल्याकडे पॉझिटिव्ह म्हणतात. तो जाळीला चिकटवून वरून अतिनील दिवा मारला की जिथे उजेड पोचला तिथलं इमल्शन पक्कं होतं आणि काळ्या भागामागचं मऊच राहतं, पाण्याचा फवारा मारला की ते धुऊन जातं. झाली स्क्रीन तयार. पिवळ्या पाकळ्यांच्या जागी उघडी जाळी, बाकी सगळं बंद.

खाली कागद ठेवायचा, जाळीच्या एका टोकाला शाई ओतायची आणि रबराच्या पट्टीने, म्हणजे स्क्विजीने, ती एका दमात ओढायची. पट्टीचा कोन बदलला की शाईचा थर बदलतो, दाब कमी पडला की पाकळी मधेच उपाशी राहते, जास्त झाला की शाई कडेबाहेर पाझरते. जाळी कागदाला टेकलेली नसते, दोघांत थोडी फट असते, पट्टी जाईल तेवढ्यापुरतीच जाळी टेकते आणि मागून लगेच सुटते, म्हणून कडा इतकी धारदार येते. एक ओढ, एक रंग, एक कागद. मग तो वाळवायच्या रॅकवर, आणि पुढचा.

हे झालं एका रंगाचं. पण ती फुलं नीट बघा, एका छोट्या फुलातच पाकळ्यांचे रंग, चेहऱ्याचा रंग, तोंडाचा लाल, डोळ्यातली पांढरी चमक, बाह्यरेषा, आणि अशी शेकडो फुलं एकमेकांवर रचून चेंडूसारखा गोळा केलाय, त्यात मागची फुलं किंचित गडद. प्रत्येक रंगछटेला वेगळी स्क्रीन. म्हणजे ४० रंग असतील तर ४० स्क्रीन, आणि एकच कागद ४० वेळा जाळीखालून जाणार, दर वेळी अगदी त्याच जागी. याला रजिस्ट्रेशन म्हणतात आणि खरी मारामारी इथेच होते. कारण कागद हा जिवंत प्राणी आहे, हवेत दमटपणा वाढला की तो फुगतो, कोरडी पडली की आकसतो, आणि अर्धा मिलिमीटर जरी सरकला तरी पाकळी आणि रेषा यांच्यात पांढरी फट दिसायला लागते. म्हणून शेजारचे दोन रंग कडेला एकमेकांवर केसभर चढवतात आणि काळी रेषा सहसा शेवटी येते, ती थोडीफार झाकपाक करते.

आता एक हिशोब करू या, माझाच आहे, कुठल्या कारखान्याचा नाही. समजा प्रत्येक रंगाला शंभरातला फक्त एक कागद बिघडतो, डाग पडला, सरकला, केस चिकटला. एक टक्का म्हणजे कसलेल्या कारागिराचंच काम म्हणायचं. पण ४० रंगांनंतर शंभरपैकी साधारण ६७ च कागद शाबूत उरतात. म्हणजे शंभर निर्दोष प्रती हव्या असतील तर दीडशे कागद घेऊन सुरुवात करायला लागते आणि मधेच वाया गेलेल्या कागदांवरचे रंगही धरले तर पाच-सहा हजार वेळा स्क्विजी ओढावी लागते. आणि बिघाड कधी होईल ते सांगता येत नाही, अडतिसाव्या रंगाला डाग पडला की आधीची ३७ वेळची मेहनत त्या कागदाबरोबर फाडून टाकायची. लग्नपत्रिकेला दोन रंग असतात आणि गणपती जरा सरकला तर चुलते-मामे काही बोलत नाहीत. इथे बोलतात.

मुराकामीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि मला वाटतं सगळा मुद्दा तिथेच आहे. आपण गृहीत धरतो की आधी एक ‘खरं’ हाताने रंगवलेलं चित्र असतं आणि प्रिंट ही त्याची उतरती आवृत्ती. पण त्याची कॅनव्हासवरची मोठी चित्रंसुद्धा तशी एकट्याने ब्रश घेऊन रंगवलेली नसतात. स्केच हाताने होतं, मग ते कॉम्प्युटरवर जातं, रेषा साफ होतात, रंगांना नंबर पडतात, आणि मग कॅनव्हासवर शेकडो स्क्रीन वापरून थरावर थर चढवले जातात, मधे हाताने दुरुस्ती, घासून गुळगुळीत करणं, परत रंग. हे काम त्याच्या कंपनीत होतं. १९९६ मध्ये हिरोपॉन फॅक्टरी नावाने सुरू झालेला कारखाना २००१ पासून काईकाई किकी या कंपनीत बदलला, आणि टोकियोबाहेर साईतामा भागात त्यांचा मोठा स्टुडिओ आहे जिथे मदतनिसांची फौज पाळीने राबते. त्या सगळ्यांची नावं चित्राच्या मागच्या बाजूला लिहिलेली असतात, सिनेमाच्या शेवटच्या पाट्यांसारखी. तर मग चित्रही स्क्रीनमधून आलेलं आणि प्रिंटही स्क्रीनमधून आलेली, यात ‘खरी’ कुठली आणि ‘नक्कल’ कुठली? अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलने १९६२ मध्ये कॅनव्हासवर नटी मेरिलिन मन्रो स्क्रीनने छापायला घेतली तेव्हाच हा प्रश्न उभा राहिला होता, आणि योगायोग म्हणजे मुराकामीच्या जन्माचं वर्षही तेच.

बरं, हे सगळं अमेरिकेकडून जपानमध्ये आलं असं कुणाला वाटत असेल तर थोडं मागे जावं लागेल. किमोनोचं कापड रंगवायला जपानी लोक शतकानुशतकं कागदी छापे वापरत. तुतीच्या सालीचा कागद, त्याला पर्सिमॉन फळाचा रस पाजून टणक केलेला, आणि त्यात सुईच्या टोकाएवढी नक्षी कापलेली. मिए प्रांतातलं शिरोको हे गाव त्यासाठी प्रसिद्ध. नक्षी फार नाजूक असली की कापलेले तुकडे सुटून पडायचे, म्हणून दोन थरांमध्ये रेशमाचे बारीक धागे घालून ते धरून ठेवत. हे छापे एकोणिसाव्या शतकात युरोपात पोचले तेव्हा तिथले लोक बघतच राहिले. पुढे १९०७ मध्ये मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमनने रेशमी जाळीतून छपाई करायचं पेटंट घेतलं. मधला प्रवास सरळ रेषेत झाला असं नाही, पण रेशमाने नक्षी धरून ठेवायची कल्पना जपानी कारागिरांच्या हातात आधीपासून होती एवढं नक्की.

आता त्या ३७/३०० कडे येऊ.

खालचा आकडा म्हणजे एकूण किती प्रती आणि वरचा म्हणजे तुमची कितवी. वरचा आकडा लहान असला की माल भारी अशी समजूत आहे, तिला स्क्रीन प्रिंटमध्ये फारसा अर्थ नाही, कारण कागद ४० वेळा रॅकवरून फिरतात, त्यांचा क्रम कधीच मोडलेला असतो आणि नंबर शेवटी सही करताना पडतो. तांब्याच्या पत्र्यावरच्या काही जुन्या तंत्रांमध्ये पत्रा झिजत जायचा, तिथे आधीची प्रत खरंच जास्त तजेलदार असायची, ती समजूत तिथून आलेली. तरीही १/३०० ला जास्त पैसे मोजणारे लोक आहेत, हौसेला मोल नाही.

आणि ३०० म्हणजे ३००च असंही नाही. कलाकारासाठी राखीव ‘एपी’ (आर्टिस्ट्स प्रूफ) प्रती वेगळ्या, साधारण दहा टक्क्यांच्या आसपास. छापणाऱ्याच्या ‘पीपी’ (प्रिंटर्स प्रूफ) वेगळ्या. एक प्रत अशी असते जिच्यावर कलाकार ‘हो, हेच पाहिजे’ म्हणून शिक्कामोर्तब करतो आणि बाकी सगळ्या तिच्याशी ताडून बघतात. शिवाय तेच चित्र निळ्या पार्श्वभूमीवर ३००, गुलाबीवर ३००, सोनेरीवर ३०० असं आलं तर तांत्रिकदृष्ट्या प्रत्येक एडिशन मर्यादितच, पण बाजारात तीच फुलं ९०० झाली. मुराकामीच्या बाबतीत हे अगदी होतं. त्यामुळे घेणाऱ्याने एका प्रिंटचा आकडा बघून हुरळून जाऊ नये, त्या डिझाइनची एकूण किती भावंडं आहेत ते विचारावं.

मर्यादा ही गोष्ट मुळात निसर्गाने घातलेली नाही, कुणीतरी बसून ठरवलेली आहे. जुना जपानी चित्रकार होकुसाई याची ती जगप्रसिद्ध लाट १८३१ च्या सुमारास छापली गेली तेव्हा तिला कुठला नंबर बिंबर नव्हता. प्रकाशक पैसा घालायचा, चित्रकार रेखाटन द्यायचा, एक जण लाकूड कोरायचा, एक जण छापायचा, आणि गिऱ्हाईक येत होतं तोवर ठसे पार झिजेपर्यंत हजारो प्रती काढल्या, अगदी सामान्य माणसाला परवडेल अशा भावात. आज त्यातल्या ज्या वाचल्या त्यातली चांगली एक प्रत २०२३ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात सुमारे २७ लाख ६० हजार डॉलरला गेली. तिथे दुर्मीळपणा आग, भूकंप, वाळवी आणि काळाने आणला. आपल्याकडे राजा रविवर्म्याच्या छापखान्याचंही तसंच, १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला हलवलेला तो प्रेस लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचाव्यात म्हणून चालायचा, नंबर टाकून अडवून ठेवण्यासाठी नाही. त्या देवघरातल्या तसबिरी आज संग्राहक शोधत फिरतात. मुराकामी मात्र दुर्मीळपणा पहिल्याच दिवशी शाईबरोबर छापून देतो. त्याच्या बाजूने एवढंच म्हणेन की तो हे लपवत नाही, कला आणि पैसा यांचं नातं त्याने कायम चारचौघांत मांडलंय.

अर्थात हा आकडा म्हणजे शेवटी एक वचन आहे, आणि वचन मोडणारे असतातच. स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीचं प्रकरण प्रसिद्ध आहे, त्याने कोऱ्या कागदांवरच सह्या करून ठेवल्या होत्या, आणि १९७४ मध्ये फ्रान्सच्या कस्टम्सवाल्यांना अँडोरा या शेजारच्या चिमुकल्या देशाकडे चाललेल्या एका ट्रकमध्ये असे ४०,००० सही केलेले कोरे कागद सापडले. नंतर त्यावर कुणी काय छापलं देव जाणे. म्हणून आजही दालीच्या प्रिंट म्हटल्या की जाणकार आधी नाक मुरडतात. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क अशा अमेरिकन राज्यांमध्ये तर विकणाऱ्याने प्रिंटबद्दल काय काय लेखी सांगायचं याचे कायदेच आहेत.

आता एक गोष्ट जी विकणारे जरा हळू आवाजात सांगतात. मुराकामीच्या ३०० वाल्या बऱ्याचशा प्रिंट स्क्रीन प्रिंट नसतातच, त्या ऑफसेट असतात, म्हणजे पुस्तकं-मासिकं छापतात त्याच जातीच्या यंत्रावर, अर्थात फार वरच्या दर्जाच्या, वर चकचकीत वार्निश, कधी सोनेरी-चंदेरी फॉइल. सुमारे ७१ सेंटीमीटर व्यासाचे ते गोल फ्लॉवर बॉल यातले. सही आणि नंबर त्यावरही असतो. खऱ्या स्क्रीन प्रिंटच्या एडिशन सहसा त्या मानाने लहान, बऱ्याचदा शंभर किंवा त्याहून कमी, आणि भाव बराच वर. लोक सरसकट सगळ्याला स्क्रीन प्रिंट म्हणतात, मुद्दाम किंवा अज्ञानाने. ओळखायचं कसं, तर घड्याळजीकडे असतं तसलं भिंग घ्या आणि पाकळीवर धरा. ऑफसेट असेल तर रंग ठिपक्यांचा बनलेला दिसतो, निळे, गुलाबी, पिवळे, काळे बारीक ठिपके, जवळून कुठलाच रंग सलग नाही. स्क्रीन प्रिंटमध्ये गुलाबी म्हणजे गुलाबीच, भरीव, एकसंध, आणि कागद तिरका धरून उजेडात बघितला तर शाईचा थर चक्क उंच दिसतो, जिथे एक रंग दुसऱ्यावर चढलाय तिथे छोटी पायरी जाणवते. बोटाने बघू नका, नजरेनेच बघा.

गंमत म्हणजे कस्टम्सच्या लेखी हा सगळा वाद वेगळ्याच तऱ्हेने सुटतो. जगभर वापरल्या जाणाऱ्या आयात वर्गीकरणात, आणि तेच भारतातही चालतं, ‘ओरिजिनल’ प्रिंटसाठी ९७०२ हा स्वतंत्र क्रमांक आहे, पण त्याची अट अशी की छापायचे ठसे कलाकाराने पूर्णपणे स्वतःच्या हाताने केलेले पाहिजेत आणि यांत्रिक किंवा फोटोच्या प्रक्रियेने काढलेली प्रत त्यात बसत नाही. आता आपण वर बघितलं तसं फिल्म, इमल्शन, अतिनील दिवा, कॉम्प्युटर, शिवाय मदतनीस. म्हणजे गॅलरी ज्याला ओरिजिनल म्हणते ते कस्टम्सच्या टेबलावर ओरिजिनल ठरेलच याची खात्री नाही. परदेशातून मागवणाऱ्याने हे आधीच कुरियरवाल्याशी आणि जाणकार एजंटशी बोलून घ्यावं, पार्सल विमानतळावर अडकल्यावर कलेवर भाषण देऊन उपयोग नसतो.

बाजाराचं थोडं सांगतो. मुराकामीने सगळ्या खिशांसाठी माल ठेवलाय. कीचेन, उशी, मग पोस्टर, मग ऑफसेट प्रिंट, मग स्क्रीन प्रिंट, मग कॅनव्हास, मग पुतळे. २००३ मध्ये डिझायनर मार्क जेकब्सबरोबर लुई व्हित्तों या महागड्या फ्रेंच ब्रँडच्या बॅगांवर त्याने ३३ रंगांचा मोनोग्राम (कंपनीच्या अक्षरांची नक्षी) आणला आणि तो गॅलरीबाहेरच्या लोकांना माहीत झाला. २००७ मध्ये अमेरिकन रॅपर कान्ये वेस्टच्या अल्बमचं कव्हर केलं. २००८ मध्ये त्याचा ॲनिमे धाटणीचा एक पुतळा सोदबीजच्या लिलावात दीड कोटी डॉलरच्या वर गेला, आणि तोसुद्धा एकमेव नव्हता बरं, एडिशनमधलाच होता. याउलट २०२० मध्ये कोविडच्या काळात त्याने स्वतःच जाहीर सांगितलं की कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आहे आणि एक सिनेमा अर्धवट सोडावा लागतोय. त्याच वर्षी ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर या कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळीच्या मदतीसाठी त्याने खास स्क्रीन प्रिंट काढल्या. इतका मोठा कारखाना म्हणजे दर महिन्याला पगार, आणि प्रिंट ही त्या पगाराची एक सोय आहे असं म्हटलं तर त्याला स्वतःलाही राग येणार नाही. २०२४ च्या क्योतोमधल्या मोठ्या प्रदर्शनाला पैसे कमी पडत होते तेव्हा त्याने जपानमधल्या गावांना देणगी देऊन करसवलत मिळवायच्या योजनेचा आधार घेतला आणि देणाऱ्यांना संग्रही ठेवायची कार्डं दिली. काय डोकं आहे!

विकत घ्यायची एक अधिकृत जागा म्हणजे टोकियोच्या नाकानो ब्रॉडवे या जुन्या मॉलमधली झिंगारो नावाची त्याची दुकानं-गॅलऱ्या, आजूबाजूला सगळी जुनी मांगा आणि खेळण्यांची दुकानं, आणि ऑनलाइन विक्री. मागणी जास्त असली की सोडत काढतात, कारण नाहीतर घेऊन लगेच दुप्पट भावात विकणारे टपलेलेच असतात. तरी ते टपतातच. पण पुढे भाव वाढेलच या भरवशावर घेऊ नका, फुलांच्या किमती चढल्यात तशा उतरल्यातही, आणि विकायला गेल्यावर लिलाववाल्याचं कमिशन वेगळं.

नकली माल भरपूर. सहीची नक्कल करणं अवघड नाही, त्यामुळे नुसती सही बघून भुलू नये. मूळ पावती आहे का, कुणाकडून कुणाकडे गेली, कागदाचा आकार अधिकृत मापाशी जुळतो का (कडा छाटून फ्रेममध्ये कोंबलेली प्रिंट असेल तर भाव पडतो), फ्रेममधून काढून मागची बाजू दाखवायला विकणारा तयार आहे का, हे विचारायचं. फ्रेम काढायला टाळाटाळ करतोय म्हणजे दाल में काला. तोच नंबर दुसऱ्या कुणाकडे विकायला आलेला दिसतोय का हे ऑनलाइन शोधलं तर कधी कधी लगेच चोर सापडतो.

आणि आणलीच घरी, तर आपली हवा हा तिचा सगळ्यात मोठा शत्रू. मुंबई, कोकण, गोव्याच्या पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते, तपकिरी ठिपके उमटतात, कसर लागते ती वेगळी. बाहेरच्या भिंतीवर, जी चार महिने ओलसर असते, तिच्यावर अजिबात लावू नका. पश्चिमेच्या खिडकीसमोर तर नकोच, गुलाबी आणि पिवळा पहिले उडतात आणि मग फूल आजारी दिसायला लागतं. फ्रेमवाल्याला स्पष्ट सांगायचं की ॲसिड-फ्री माउंट पाहिजे, अतिनील किरण अडवणारी काच पाहिजे आणि काच चित्राला टेकता कामा नये, नाहीतर दमट हवेत शाई काचेलाच चिकटते. लॅमिनेशन नको, प्लायवर चिकटवणं नको, मागे सेलोटेप तर बापजन्मात नको. आपल्याकडचे बरेच फ्रेमवाले प्रेमाने हे तिन्ही करून देतात आणि वर सांगतात साहेब आता शंभर वर्षं हलणार नाही. ते खरंच असतं, हलत नाही म्हणूनच ती वाया जाते. योग्य पद्धत म्हणजे वरच्या कडेला मागून जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने लावलेल्या, की प्रिंट त्यावर नुसती लटकते आणि कधी काढायची झाली तर पाण्याच्या हाताने सुटते.

शेवटचं एक, कारण हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. प्रिंट तुमची झाली तरी चित्र तुमचं होत नाही. कॉपीराइट कलाकाराकडेच राहतो, तुम्ही कागद विकू शकता, भेट देऊ शकता, भिंतीवर लावून पाहुण्यांना किंमत सांगू शकता, पण त्याचा फोटो काढून पन्नास टी-शर्ट छापले तर ते चालत नाही, अगदी गल्लीतला स्क्रीन प्रिंटिंगवाला हो म्हणाला तरी.